बेपत्ता पेशवे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर पोलीस ठाण्याकडून आलेल्या छोट्या चौकटी असतात. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात निळा शर्ट, मराठी व हिंदी बोलतो. माहिती असल्यास अमुक ठाण्याशी संपर्क साधावा. आपण फोटोवर नजर टाकतो आणि पान उलटतो. फोटो नसेल तर तेवढंही करत नाही, कारण नुसत्या वर्णनात बसणारी दोन-चार माणसं कुठल्याही एसटीत सापडतात.

१८५८च्या सुरुवातीला इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात याच धर्तीचं एक वर्णन फिरवलं. रंग गव्हाळ, डोळे मोठे, चेहरा चपटा आणि वाटोळा, अंगानं भरलेला, उंची सुमारे ५ फूट ८ इंच, नाक सरळ. मराठ्यांचं नाक बाकदार असतं पण याचं तसं नाही, असा खुलासाही सोबत होता. हल्ली दाढी राखल्याचं कळतं. आणि एक बारकावा: कान तुटलेला एक नोकर याच्याबरोबर सतत असतो. छायाचित्र अर्थातच नव्हतं. बक्षीस होतं १ लाख रुपये. कंपनीच्या साध्या शिपायाला तेव्हा महिना ७ रुपये मिळत. त्या हिशेबानं हा जवळपास १२०० वर्षांचा पगार झाला.

हवा असलेला माणूस म्हणजे धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक चिरंजीव. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. नानासाहेब सापडले नाहीत, त्यांचा देह सापडला नाही, अस्थीही नाहीत. मात्र पुढची कित्येक वर्षं 'नानासाहेब' सापडत राहिले, कराचीत, अजमेरात, ग्वाल्हेरात. सापडायचे आणि सोडून द्यावे लागायचे. आपल्या इतिहासात बेपत्ता माणसाचा इतका लांबलेला तपास क्वचितच झाला असेल. तो फसला कसा हे पाहिलं, तर नानासाहेबांइतकंच तपास करणाऱ्यांबद्दलही बरंच काही कळतं.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. नानासाहेबांचा जन्म १८२४ सालचा, माथेरानच्या पायथ्याकडच्या वेणगावचा. राज्य गमावलेले बाजीराव १८१८ नंतर वर्षाला ८ लाख रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला गंगाकाठी राहत होते. १८२७ मध्ये त्यांनी या मुलाला दत्तक घेतलं. १८५१च्या जानेवारीत बाजीराव वारले आणि कंपनीनं तनखा बंद केला. अर्जविनंत्या झाल्या, अजीमुल्ला खान वकील म्हणून लंडनला जाऊन रिकाम्या हातानं परतला. जून १८५७ मध्ये कानपूरची पलटण उठली आणि नानासाहेब तिचे पुढारी झाले. २७ जूनला सतीचौरा घाटावर, सुरक्षित जाऊ देण्याचं वचन मिळाल्यावर नावांत बसत असलेल्या इंग्रजांवर गोळीबार झाला. १५ जुलैला बीबीघरात कैदेत असलेल्या बायका-मुलांची कत्तल झाली. मृतांचा आकडा २००च्या आसपास होता. हे हुकूम नानासाहेबांनी स्वतः दिले का, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. इंग्रजांना मात्र तेव्हा कसलीच शंका नव्हती. दिल्लीचा बादशहा त्यांनी रंगूनला पाठवून दिला. नानासाहेब त्यांना फासावर हवे होते.

हा माणूस पहिल्यांदा 'मेला' तो लगेच, जुलै १८५७ मध्येच. इंग्रज सेनानी हॅवलॉकची फौज १७ जुलैला कानपुरात शिरली. बिठूर तिथून वीसेक किलोमीटरवर. त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतांत एक हकिकत येते. नानासाहेबांनी गावात असं पसरवलं की आता आपण गंगेत जलसमाधी घेणार. रात्री ते घरच्या मंडळींसह नावेत बसले. ठरलं असं होतं की मध्यधारेत नावेवरचा दिवा विझला की समजायचं, पेशवे गेले. काठावर घाटावरचे गंगापुत्र आणि आश्रित जमले होते. दिवा विझला, काठावर आक्रोश झाला आणि अंधारात नाव पलीकडच्या अवधच्या काठाला लागली. काठावरच्या काहींचं रडणं आटोपायच्या आतच लुटालूट सुरू झाली होती, असंही ही हकिकत सांगते. यात रंग किती आणि खरं किती हे सोडून देऊ. पण एक गोष्ट तपासाच्या दृष्टीनं महत्त्वाची ठरली: या माणसानं एकदा मरणाचं सोंग वठवलं, असा इंग्रजांचा पक्का समज झाला. असा समज असलेला तपासनीस दुसऱ्या मृत्यूची बातमी सहज स्वीकारत नाही.

पुढचं दीड वर्ष नानासाहेबांचा ठावठिकाणा बऱ्यापैकी सांगता येतो. फतेहपूर चौरासी, मग लखनौच्या आसपास, मग शाहजहानपूर आणि बरेली. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडल्यावर बंडवाल्यांच्या उरल्यासुरल्या टोळ्या उत्तरेकडे रेटल्या गेल्या. डिसेंबर १८५८च्या अखेरीला सेनापती कॉलिन कॅम्पबेल, म्हणजे तेव्हाचा लॉर्ड क्लाइड, यानं त्यांना राप्ती नदीपर्यंत आणलं. नदी ओलांडली की नेपाळ. नानासाहेब, त्यांचे भाऊ बाळाराव, अवधची बेगम हजरत महल आणि काही हजार माणसं त्या पलीकडच्या जंगलात गेली.

इथून वाट पुसट होते, पण एप्रिल १८५९ मध्ये ती एकदा लख्ख दिसते. नानासाहेबांच्या नावाचा एक इश्तिहारनामा, राणी व्हिक्टोरियाला आणि तिच्या अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला, गोरखपूरकडच्या मेजर रिचर्डसनच्या हाती आला. सूर असा: कानपूरच्या हत्या मी केल्या नाहीत, त्या तुमच्याच फिरलेल्या शिपायांनी आणि बदमाशांनी केल्या; तुम्ही साऱ्या मुलखाचे गुन्हे माफ केलेत, मग माझेच का नाही? रिचर्डसननं उत्तर दिलं की राणीचा जाहीरनामा सर्वांसाठी आहे, शस्त्र ठेवून या. १ नोव्हेंबर १८५८च्या त्या जाहीरनाम्यातून इंग्रज रयतेच्या हत्येत प्रत्यक्ष हात असलेल्यांना वगळलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. नानासाहेबांचं पुढचं पत्र जास्त बोलकं आहे. राणीच्या मोहरेचं पत्र फ्रेंचांच्या सेनापतीनं किंवा त्याच्या दुय्यमानं आणून दिलं तर मी विश्वास ठेवीन. तुमची हिंदुस्थानातली दगाबाजी माहीत असताना नुसत्या तुमच्या शब्दावर कसा येऊ? नाही तर मरेपर्यंत लढाई आहेच.

तराईच्या जंगलात उपाशी फौजेबरोबर बसलेला माणूस फ्रेंच सेनापतीचा जामीन मागतो, याला वेड म्हणायचं की आयुष्यभर इंग्रजांशी अर्जव्यवहार करून आलेलं शहाणपण? मला दुसरं वाटतं. काही असो, तपासाच्या भाषेत 'शेवटचं कधी पाहिलं' या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर इथे संपतं. एप्रिल १८५९. तेही उत्तर म्हणजे एक कागद. समोर पाहिल्याची कुणा इंग्रजाची साक्ष नाही.

त्यानंतर बातमी आली ती काठमांडूहून. नेपाळचे पंतप्रधान जंग बहादूर राणा यांनी इंग्रज रेझिडेंटला कळवलं की नानासाहेब तराईच्या तापानं वारले. ठिकाण देवखुरी, महिना सप्टेंबर १८५९. बाळारावही त्याच पावसाळ्यात तापानं गेल्याचं सांगण्यात आलं.

आता ही बातमी विश्वासार्ह होती का? ताप तर खरा होता. नेपाळात ज्याला औल म्हणत, तो हा तराईचा मलेरिया. पावसाळ्यात तिथे रात्र काढायला डोंगराळ भागातले नेपाळीही धजत नसत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटीची फवारणी होईपर्यंत हा पट्टा त्यासाठीच कुप्रसिद्ध होता. डास आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉसला कळला तो १८९७ मध्ये. १८५९ साली लोक 'वाईट हवा' म्हणत, आणि मरत. बिठूरच्या वाड्यात वाढलेला, अंगानं स्थूल, पस्तिशीचा माणूस एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्या जंगलात राहिला, तर तापानं जाणं अजिबात नवलाचं नव्हतं.

पण बातमी देणाऱ्याकडेही पाहायला हवं. जंग बहादूर यांनी बंडात इंग्रजांना फौज घेऊन मदत केली होती आणि तिची बक्षिसी त्यांना हवी होती. १८६०च्या नोव्हेंबरात झालेल्या करारानं ती मिळाली: बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हा तराईचा पश्चिमेकडचा मुलूख, आजही 'नया मुलुक' म्हणून ओळखला जाणारा, नेपाळला परत आला. तोवर आपल्या हद्दीत इंग्रजांचा सर्वांत मोठा शत्रू बसलेला असणं त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं, त्याला धरून द्यावं तर तो ब्राह्मण. जंग बहादूर यांनीच १८५४ मध्ये जारी केलेल्या मुलुकी ऐननं ब्राह्मणाला देहदंडातून वगळलं होतं. त्या राज्याच्या प्रमुखानं आश्रयाला आलेला पेशवा फासासाठी इंग्रजांच्या हवाली केला असता तर घरातच तोंड दाखवायला जागा उरली नसती. अशा वेळी नानासाहेबांनी तापानं मरणं हा सर्वांत सोयीचा तोडगा होता. बातमी खोटी होती असं यातून सिद्ध होत नाही. पण खरी असो वा खोटी, जंग बहादूर यांनी नेमकी हीच बातमी दिली असती. साक्षीदार एकच, आणि तो निकालात गुंतलेला. चांगला फौजदार इथे वहीत पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतो.

पेशवे घराण्यातल्या स्त्रिया काठमांडूत आश्रयाला राहिल्या. त्यांच्याकडचा नौलखा हार जंग बहादूर यांनी विकत घेतल्याचंही सांगतात. हजरत महल तर तिथेच १८७९ मध्ये वारली. म्हणजे बायकांना थारा देता येत होता. पुरुषाचा पत्ता मात्र लागू द्यायचा नव्हता.

इंग्रजांनी प्रकरण बंद केलं नाही, आणि इथून तपासाची खरी पंचाईत सुरू झाली. नानासाहेबांचा चेहरा ओळखणार कोण? बिठूरला मेजवान्यांना जाणारे, त्यांच्याशी बिलियर्ड खेळणारे कानपूरचे गोरे अधिकारी आणि त्यांच्या मडमा त्यांना चांगलं ओळखत होत्या. ती बहुतेक माणसं जून-जुलै १८५७ मध्ये मारली गेली होती. सतीचौऱ्याच्या नावांतून पळून वाचलेले पुरुष फक्त चौघे, आणि त्यांच्यातला लेफ्टनंट मॉब्रे थॉमसन हा साक्षीला बोलावण्याजोगा एक अधिकारी. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी माणूस हवा होता, त्याच गुन्ह्यानं त्याला ओळखणारे साक्षीदार संपवले होते. राहिले बिठूरचे नोकरचाकर, भट-भिक्षुक, सावकार. त्यांनी 'होय, हेच नानासाहेब' म्हणावं तर आपण त्यांचे निकटवर्ती ठरणार, 'नव्हे' म्हणावं तर लपवल्याचा संशय येणार. नीलसारख्या सेनानीनं कानपुरात नुसत्या संशयावरून माणसं कशी लटकवली हे त्यांनी पाहिलं होतं.

चित्राचा तर वेगळाच घोळ. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं १८५७ मध्ये नानासाहेबांचं चित्र छापलं आणि ते जगभर गेलं. ते चित्र मुळात मेरठकडच्या एका धनिकाचं होतं. हिंदुस्थानात वकिली करणारा जॉन लँग याच्याकडून ते विलायतेत पोचल्याचं सांगतात. बंडाच्या बातम्यांनी वाचक पेटले होते, छापखान्याला चेहरा हवा होता, हाताशी आला तो बसवला. लँग स्वतः बिठूरला जाऊन आला होता, झाशीच्या राणीचा वकीलही होता, त्यामुळे त्याला फरक नक्की कळत असणार. ज्या चेहऱ्यावर विलायतेनं थुंकायचं ठरवलं, तो एका निरपराध सावकाराचा होता. तो बिचारा स्वतः कधी विलायतेला गेला नाही, हे त्याचं नशीबच.

आता एवढ्या धूसर वर्णनाला १ लाखाचं बक्षीस जोडा. बक्षिसाची रक्कम जितकी मोठी, तितके खरे खबरी पुढे येतील असं आपल्याला वाटतं. पण त्या रकमेनं खोटे खबरीही तितकेच येतात, आणि ते संख्येनं नेहमी जास्त असतात, कारण खरं माहीत असलेला माणूस एखादा असतो आणि खोटं कुणालाही रचता येतं. आजही बेपत्ता मुलांच्या प्रकरणांत बक्षीस जाहीर झालं की ठाण्याचा फोन आठवडाभर थांबत नाही. १८६० नंतरच्या दशकात तीर्थक्षेत्री फिरणारा, जरा भरल्या अंगाचा, मराठी बोलणारा कुणीही बैरागी धोक्यात होता. कराचीला एकाला धरलं. १८६३ मध्ये अजमेरला दुसऱ्याला धरून कानपूरला आणलं, साक्षी झाल्या, हा तो नव्हे असं ठरलं. दर वेळी तोच क्रम: तार, वर्तमानपत्रांत मथळा, साक्षीदारांची रांग, आणि मग हळूच सुटका.

सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो १८७४च्या ऑक्टोबरात. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे यांनी स्वतः इंग्रज प्रतिनिधीला कळवलं की नानासाहेब आपल्या हाती लागले आहेत आणि त्यांनी तशी कबुलीही दिली आहे. साक्षीदार कुणी लालची खबरी नव्हता. खुद्द शिंदे सरकार सांगत होते. याच जयाजीरावांना १८५८च्या जूनमध्ये तात्या टोपे, नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब आणि झाशीची राणी यांच्या फौजेपुढे ग्वाल्हेर सोडून आग्र्याला पळावं लागलं होतं, आणि त्यांच्याच शहरात नानासाहेबांची पेशवा म्हणून द्वाही फिरली होती. आणखी एक गोष्ट: ग्वाल्हेरचा किल्ला त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तो परत मिळावा ही शिंद्यांची जुनी मागणी होती. तो मिळाला १८८६ मध्ये, जयाजीराव गेल्याच्या वर्षी.

कैद्याला कानपूरला नेलं. ओळख पटवायला कानपूरचे जुने सरकारी डॉक्टर ट्रेसिडर आले, मॉब्रे थॉमसन आला, शहरातली जुनी माणसं आणली. कुणी म्हणालं चेहऱ्याची ठेवण तशी आहे, कुणी म्हणालं मुळीच नाही. सतरा वर्षं उलटली होती. ज्या माणसाला शेवटचं तेहतिशीत पाहिलं, तो पन्नाशीत कसा दिसेल हे मनानंच ठरवायचं होतं. कैद्यानं कबुली फिरवली. अखेर हा नानासाहेब नव्हे, असाच निकाल झाला.

गंमत पाहा. दोनच वर्षांपूर्वी, १८७२ मध्ये, याच सरकारनं भारतीय पुरावा कायदा केला होता. त्याच्या १०८व्या कलमाप्रमाणे, ज्यांना एखाद्या माणसाची खबर सहजच लागली असती अशांना ती सात वर्षं लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. बँकेतली ठेव, विमा, वारसाहक्क यांसाठी बेपत्ता माणसाच्या घरचे आजही ज्या सात वर्षांची वाट पाहतात, ती इथून आली. नव्या साक्ष्य अधिनियमातही नियम तोच आहे. सामान्य रयतेला सात वर्षांत मेलेली धरणारं सरकार पंधरा वर्षांनीही एका माणसाला जिवंत धरून चाललं होतं. अर्थात हा दिवाणी सोयीचा नियम, फौजदारी तपासाला तो बांधून ठेवत नाही. पण सरकारचं मन कुठे अडकलं होतं ते यातून दिसतं.

पेशव्यांच्या घराला हा प्रकार नवा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी याच घरात असंच प्रकरण घडून गेलं होतं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं लिहून ठेवलंय की देह सापडला, अंगावरच्या जुन्या जखमेच्या खुणेवरून ओळख पटवली आणि अग्निसंस्कारही झाला. तरी पुण्यात पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत नाही. आणि मग भाऊसाहेबांचा तोतया आला. तो उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण होता. रत्नागिरीला कैदेत असतानाच तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला उचलून धरलं आणि १७७६ मध्ये कोकणातला मोठा मुलूख त्याच्या ताब्यात गेला. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांना फौजा पाठवाव्या लागल्या. शेवटी रघूजी आंग्र्यांनी धरून दिल्यावर त्याला डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' नाटकानं ही गोष्ट घरोघरी पोचवली.

या दोन प्रकरणांत एक मोठा फरक आहे. भाऊसाहेबांचा तोतया आपणहून पुढे आला, कारण भाऊसाहेब होण्यात राज्य होतं. नानासाहेब होण्यात फास होता. तरीही माणसं धरली गेली, कारण फायदा धरणाऱ्याचा होता. बेपत्ता माणसाची जागा कोण भरतं हे त्या जागेवर काय ठेवलेलं आहे यावर ठरतं, हे मला या दोन तोतयांच्या तुलनेत फार ठळक दिसतं.

देह नव्हता म्हणून प्रश्न उरला, असं म्हणावं तर तात्या टोप्यांचं पाहा. येवल्याच्या या माणसाला १८ एप्रिल १८५९ला शिवपुरीत शेकडो लोकांदेखत फाशी दिलं. त्यांचाही मृत्यू वादात आहेच. फासावर गेला तो दुसराच, असं सांगणारी माणसं नि पुस्तकं निघाली. नेताजींच्या बाबतीत तर शाहनवाझ समिती, खोसला आयोग आणि मुखर्जी आयोग असे तीन अधिकृत तपास झाले. काही माणसांचं मरण लोकांना मंजूरच नसतं, आणि तिथे पुराव्याची ताकद थिटी पडते.

मग खरं काय झालं असेल? माझं मत सप्टेंबर १८५९च्या बाजूनं आहे, आणि ते जंग बहादूर यांच्या शब्दावर आधारलेलं नाही. मी पाहतो नानासाहेबांबरोबर पळालेल्या इतरांकडे. त्यांचे पुतणे रावसाहेब साधूच्या वेशात वर्षानुवर्षं भटकले. १८६२ मध्ये जम्मूच्या बाजूला कुणीतरी त्यांना ओळखलं, दगा झाला, आणि ऑगस्टमध्ये कानपुरात त्यांना फाशी झाली. दिल्लीचा शहजादा फिरोजशाह अफगाणिस्तान, बुखारा, इराण करत मक्केला पोचला आणि तिथे १८७७ मध्ये वारला; त्याची खबर इंग्रजांना ठिकठिकाणाहून मिळत राहिली. जिवंत फरारी माणूस खुणा सोडतो. त्याला पैसे लागतात, निरोप धाडावे लागतात, कुणावर तरी भरवसा टाकावा लागतो. रावसाहेब अखेर सापडलेच. नानासाहेबांवर १ लाख होतं, त्यांना पत्रं लिहिण्याची हौस होती, आणि तरी एप्रिल १८५९ नंतर त्यांचा एकही निर्विवाद कागद नाही. इतका लिहिता माणूस एकाएकी गप्प होतो तेव्हा पहिला संशय मृत्यूवरच जायला हवा. प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६३ मध्ये नानासाहेबांवर जे काटेकोर पुस्तक लिहिलं, त्यात या तोतयांच्या चौकशांचे सरकारी कागद तपासले आहेत. ते वाचताना सर्वांत जास्त जाणवतो तो अधिकाऱ्यांचा वाढत गेलेला कंटाळा.

त्या कंटाळ्याची एक गोष्ट पर्सेव्हल लँडन या इंग्रज पत्रकारानं सांगितली आहे. १८९५ मध्ये गुजरातेत एका तरुण अधिकाऱ्यानं एका म्हाताऱ्या साधूला धरलं आणि आनंदानं कलकत्त्याला तार केली की नानासाहेबांना पकडलं आहे, पुढचा हुकूम काय? उत्तर आलं, ताबडतोब सोडून द्या. नानासाहेब त्या साली ७१ वर्षांचे असते. १८५७ला ४० वर्षं होत आली होती. एका म्हाताऱ्याला फासावर चढवून नवा हुतात्मा तयार करण्याची आता कुणाचीच इच्छा नव्हती.

लोकांच्या आठवणीत मात्र ते जगतच राहिले. भावनगरजवळच्या सिहोरला असं मानतात की नानासाहेब तिथे दयानंद योगेंद्र या नावानं संन्याशासारखे राहिले आणि १९०३ मध्ये वारले. जुन्या मराठीतली काही पत्रं आणि वस्तू पुरावा म्हणून दाखवल्या जातात. के. वि. बेलसरे यांनी लिहिलेल्या ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रपरंपरेत वेगळी कथा आहे. तीत नानासाहेब नैमिषारण्यात एका गुहेत अज्ञातवासात राहतात, महाराज त्यांना भेटतात, आणि १९०६ मध्ये त्यांच्या अंतकाळी महाराज तिथे हजर असतात. महाराष्ट्रात ही कथा श्रद्धेनं वाचणारे खूप आहेत. परदेशी लेखकांनीही त्यांना मरू दिलं नाही. ज्यूल व्हर्ननं १८८०च्या एका कादंबरीत नानासाहेबांना खलनायक करून मध्य हिंदुस्थानच्या डोंगरात लपवलं. त्याच व्हर्नचा कॅप्टन नेमो मात्र बुंदेलखंडचा राजपुत्र आणि १८५७चा बंडवाला, म्हणजे नायक. एकाच लेखकाच्या डोक्यात बंडाचे दोन चेहरे.

सिहोरचं आणि नैमिषारण्यातलं, ही दोन्ही मरणं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि सप्टेंबर १८५९ धरला तर दोन्ही खोटी ठरतात. यातलं काही तपासून पाहायचं तर डीएनएचा उपयोग नाही, कारण जुळवायला अस्थीच नाहीत. पण अक्षर आहे. बिठूरहून कंपनीला गेलेले अर्ज, नानासाहेबांची सही-मोहर असलेले कागद आणि एप्रिल १८५९ची पत्रं सरकारी दप्तरात जपलेली आहेत. १८५९च्या पुढची तारीख असलेलं त्यांच्या हातचं एक मोडी पत्र, कागद आणि शाई त्या काळची असलेलं, या अस्सल नमुन्यांशी जुळलं तर देवखुरीची बातमी एका दिवसात कोसळेल. सिहोरचे कागद आहेत, कानपूर-बिठूरच्या जुन्या मराठी घराण्यांच्या माळ्यावर अजून रुमाल पडले आहेत, आणि मोडी वाचणारे दर वर्षी थोडे थोडे कमी होताहेत.